उन्हाळी म्हणून अंगावर काढलं, आणि तपासण्या मात्र बायकोच्या होत राहिल्या

सिडकोवाला (धागाकर्ता)

लघवीला जळजळ झाली की आमच्या घरी ठरलेलं औषध आहे. धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा आणि दोन दिवस तिखट बंद. आई म्हणते, उन्हाळी लागली. लग्नानंतरच्या पहिल्याच एप्रिलात मला अशी जळजळ झाली. नाशिकच्या अंबडला कारखान्यात शेडचा पत्रा तापलेला, दिवसभर मशीनवर उभा, पाणी पिणं कमी. मलाही ती उन्हाळीच वाटली. आठवड्याभरात डावा अंडकोष सुजला, हात लावू देईना, अंगात ताप. मेडिकलवाल्याला ताप आणि जळजळ सांगितली, सुजेचं सांगायला जीभ रेटली नाही. त्याने तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, सूज ओसरली आणि मी विसरून गेलो.

आज लग्नाला अडीच वर्षं झालीत. वर्षभर दिवस राहिले नाहीत तेव्हा घरातून सुरुवात झाली ती बायकोपासून. थायरॉइड झालं, हार्मोन्स झाले, दर महिन्याला सोनोग्राफी, मग गर्भनळ्यांचा एक्स-रे. त्या एक्स-रेच्या दिवशी ती रिक्षात पोट धरून बसली होती, मुंबई नाक्यापासून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. मधे त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांची नारायण नागबळीही झाली. आईची श्रद्धा आहे, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण या सगळ्यात माझ्या हातात वीर्यतपासणीची डबी द्यावी हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, "यांचा रिपोर्ट कुठे आहे?" रिपोर्ट असा आला: शुक्रजंतू मिलीलीटरला २ कोटी २० लाख, पण नीट पुढे सरकणारे फक्त १४ टक्के. पू पेशी सूक्ष्मदर्शकाच्या एका फील्डला १८ ते २०. वीर्य तासाभरानंतरही नीट पातळ झालेलं नाही. मग यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "कधी जळजळ, कधी अंडाला सूज?" आणि मला तो एप्रिल आठवला. सोनोग्राफीत डाव्या अधिवृषणात, म्हणजे अंडकोषामागच्या नळीत, गाठ दिसली. सकाळच्या पहिल्या धारेची लघवी पीसीआरला (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) दिली, क्लॅमायडिया नावाच्या जंतूचा संसर्ग निघाला. बायकोची तपासणी केली, तिलाही तोच.

हा आजार शरीरसंबंधातूनच लागतो. लग्नाआधी पुण्यात नोकरीला असताना माझे संबंध होते, ते मी तिला सांगितलेलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "एक्स-रेच्या आधी सांगितलं असतंत तर."

हा धागा त्या वाक्यासाठी काढलाय. मे महिन्यात दोघांनीही एकदम औषध पूर्ण केलं. माझ्यासारख्या कोणी अजून तपासणी केली नसेल तर इथे विचारा, लाजू नका. जाणकारांनी भर घालावी.

सूक्ष्मदर्शक

दादा, धाडसाने लिहिलंत. मी गेली अकरा वर्षं लॅबमध्ये आहे, रोज वीर्याचे नमुने बघते. तुमचा रिपोर्ट बरोबर वाचला गेला, पण सगळ्यांचा वाचला जात नाही, म्हणून थोडं लिहिते.

स्लाइडवर जी गोल पेशी दिसते ती प्रत्येक वेळी पू पेशी नसते. पूर्ण तयार न झालेले शुक्रजंतूही गोलच दिसतात. साध्या नजरेने दोन्हीत गल्लत होते आणि रिपोर्टात सरसकट 'पू पेशी' लिहून मोकळे होतात. दोन्ही वेगळे ओळखायला पेरॉक्सिडेजचा रंग टाकावा लागतो. त्यात मिलीलीटरला १० लाखांच्या वर पांढऱ्या पेशी, म्हणजे खऱ्या पू पेशी, निघाल्या तर त्याला महत्त्व द्यायचं. रिपोर्टात पू पेशी बऱ्याच लिहिल्या असतील तर लॅबला विचारा, हा रंग टाकला होता का.

आणि एकाच रिपोर्टावर निकाल नाही. एकाच माणसाचे दोन आठवड्यांतले दोन रिपोर्ट एवढे वेगळे येतात की नावं बघावी लागतात. निदान दोनदा तपासायला हवं. आधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना देण्यापूर्वी लघवी करून घ्या, हात आणि लिंग साबणाने धुऊन कोरडं करा. कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करायचं असेल तेव्हा तर हे फारच जपा, नाहीतर कातडीवरचे जंतू रिपोर्टात येतात आणि माणूस विनाकारण अँटिबायोटिक खातो.

द्राक्षबाग

ताई, एक विचारायचंय. आमचं गाव निफाड तालुक्यात. जानेवारीत मी सँपल घरीच काढलं, डबी पिशवीत घालून गाडीच्या हँडलला अडकवली आणि नाशिकला आलो. द्वारकेला ट्रॅफिक. पोचायला सव्वा तास गेला, पुढे लॅबमध्ये नंबर. रिपोर्टात पुढे सरकणारे १८ टक्के आले. पू पेशी नव्हत्या. मला कधी जळजळ नाही, सूज नाही. तेव्हापासून घरात कोणाला सांगितलं नाही. तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय सँपलच चुकलं का?

सूक्ष्मदर्शक

दादा, निफाडची जानेवारीची थंडी मला ठाऊक आहे, सकाळी बागेत शेकोट्या पेटवता तुम्ही. त्या थंडीत उघड्या वाऱ्यावर सव्वा तास डबी हँडलला! शुक्रजंतू गारठले की हालचाल मंदावते. त्या रिपोर्टावरून मी तरी काहीच ठरवणार नाही. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या, तिथे वेगळी खोली असते. घरूनच आणायचा असेल तर डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवा. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचली पाहिजे. निरोध वापरून आणू नका, त्याच्या वंगणाने शुक्रजंतू मरतात. परत तपासा आणि आत्ताच मनाला लावून घेऊ नका.

पंचवटीची_लेक

मी बाई आहे, तरी लिहिते. माझी एक नळी बंद निघाली. कारण विचारलं तर डॉक्टर म्हणाले, जुना संसर्ग असावा, बहुधा क्लॅमायडियासारखाच. बाईत तो वर चढत नळ्यांपर्यंत जातो आणि पुष्कळदा काहीच जाणवत नाही. मला कधी ताप आला नाही, कधी दुखलं नाही. सासरी मात्र सहा वर्षं 'हिच्यात दोष' हेच ऐकलं. यांनी तपासणीला नकार दिला, 'मला काय झालंय' म्हणून.

सिडकोवाले दादा, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. ज्यांनी नाही सांगितलं त्यांच्या बायका नवऱ्याच्या चुका स्वतःच्या माथ्यावर घेऊन बसल्यात. औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायचं असतं हे तरी सगळ्यांनी लक्षात ठेवा. एकाने घेतलं आणि दुसऱ्याने नाही तर तो आजार घरातल्या घरात फिरत राहतो.

गंगापूररोड_डॉक

या विषयावर मराठीत कोणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून सवडीने लिहितोय. (मी याच शाखेतला. नाव-पत्ता देणार नाही आणि इथे कोणाला औषध सुचवणार नाही.)

संसर्गाने शुक्रजंतूंचं नेमकं काय बिघडतं? अंडकोषाच्या मागे अधिवृषण नावाची एकच नळी गुंडाळून बसलेली असते. उलगडली तर साधारण ६ मीटर भरेल, जाडी मात्र दोऱ्याएवढी. अंडकोषात तयार झालेले शुक्रजंतू या नळीतून जाताना पोहायला शिकतात. क्लॅमायडिया किंवा परमा, म्हणजे गोनोरिया, मूत्रमार्गातून मागे सरकत इथपर्यंत पोचला की सूज येते. वेळेत उपचार झाले तर बहुतेकांचं निभावतं. नाही झाले तर आत व्रण राहतो आणि इतकी बारीक नळी व्रणाने बुजायला वेळ लागत नाही. एक बाजू बंद झाली तर दुसरी काम चालवते. दोन्ही बंद झाल्या तर वीर्य नेहमीसारखंच दिसतं, पण त्यात एकही शुक्रजंतू नसतो. वीर्यातलं पाणी बहुतेक शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचं असतं, अंडकोषांचा वाटा अगदी थोडा. त्यामुळे 'धातू घट्ट आहे, म्हणजे सगळं ठीक' हा समज निराधार आहे. तरुणांत ही सूज बहुधा लैंगिक संसर्गाने येते. पस्तिशीनंतर, विशेषतः प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांत, ई. कोलायसारखे लघवीतले जंतू जास्त सापडतात.

दुसरा मार्ग नळी बंद न करताच नुकसान करतो. शुक्रजंतू म्हणजे डोकं आणि शेपूट, बाकी पेशीतला रस नावापुरता. त्या रसातच इतर पेशींची स्वतःला सांभाळणारी द्रव्यं असतात, शुक्रजंतूकडे ती जवळपास नसतात. त्याचं आवरण मात्र अशा मेदाचं असतं जो लवकर बिघडतो. शेंगदाण्याचं तेल उघडं राहिलं की खवटतं, तसंच. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी जी तिखट ऑक्सिजनद्रव्यं सोडतात ती जंतूंवर पडतात आणि शेजारच्या शुक्रजंतूंवरही. आवरण खवटलं की शेपूट मंदावते. डोक्यातला डीएनएही तुटू शकतो, आणि तो तुटलेला साध्या रिपोर्टात दिसत नाही. ई. कोलाय तर शुक्रजंतूंना चिकटून त्यांचे गुच्छ करतो.

प्रोस्टेटला सूज असेल तर वीर्य पातळ होण्याची क्रिया अडखळते, धागाकर्त्याच्या रिपोर्टात दिसलं तसं. शिवाय अंडकोषात रक्त आणि शुक्रजंतू यांच्यामध्ये शरीराने एक भिंत राखलेली असते, कारण शुक्रजंतू वयात आल्यावर तयार होतात आणि प्रतिकारशक्तीला ते परके वाटतात. सुजेने ती भिंत फुटली तर शरीर आपल्याच शुक्रजंतूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू लागतं.

एक गोष्ट निक्षून सांगतो. तरुण मुलाच्या एका अंडकोषात अचानक, असह्य कळ आली तर ती संसर्गाची समजून घरी बसू नका. अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष वाचायची आशा चांगली असते, पुढे ती झपाट्याने कमी होते. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा.

सातपूरचा_एक

डॉक्टरसाहेब, माझ्या रिपोर्टात पू पेशी ८-१० आहेत, त्रास काहीच नाही. एका ठिकाणी तीन आठवड्यांचं अँटिबायोटिक दिलं, नंतर दुसऱ्या ठिकाणी दुसरं. वर्षात चार कोर्स झाले. पेशी कमी होतात, परत वाढतात. आणि शुक्रजंतूंच्या संख्येचं लिमिट १ कोटी ६० लाख आहे की १ कोटी ५० लाख? प्रत्येक लॅबचा आकडा वेगळा.

गंगापूररोड_डॉक

चार कोर्स हे मला पटत नाही. त्रास नाही, कल्चरमध्ये काही नाही, पीसीआरमध्ये काही नाही, तर नुसत्या पेशी बघून औषधावर औषध देऊ नये. पेशी धूम्रपानानेही वाढतात आणि औषध घेतलं म्हणून मूल राहण्याची शक्यता वाढतेच असं सिद्ध झालेलं नाही. जंतू सापडला तर नेमकं औषध, नेमके दिवस, तेही दोघांना. नाही सापडला तर व्हेरिकोसील (अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा), मधुमेह, तंबाखू, उष्णता ही बाकीची कारणं शोधा. सातपूरला भट्टीवर किंवा फोर्जिंगला असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. अंडकोष शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी थंड राहावे म्हणूनच बाहेर असतात.

आकड्यांचं असं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या पुस्तिकेत शुक्रजंतूंचं लिमिट मिलीलीटरला १ कोटी ५० लाख होतं, २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत १ कोटी ६० लाख आहे. पुढे सरकणारे ३० टक्के, एकूण हालचाल ४२ टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. काही लॅबचे छापील कागद अजून जुनेच आहेत. आणि हे आकडे पास-नापासचे नाहीत. ज्यांना वर्षभरात मूल झालं अशा पुरुषांतल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची ती रेघ आहे. रेघेखालच्यांनाही मुलं होतात आणि वरच्यांनाही अडचण येते.

मालेगावकर

माझ्या मोठ्या भावाचं सांगतो. पॉवरलूमवर कामाला. अंडकोषाच्या मागे टणक गाठ, दुखत नव्हती म्हणून वर्षभर दुर्लक्ष. लघवीत पू पेशी यायच्या, पण कल्चर दरवेळी कोरं. वीर्यात शुक्रजंतू शून्य. पाच डॉक्टर झाले. सहाव्याने हाताने तपासलं आणि म्हणाला, वीर्यनळी मण्यांच्या माळेसारखी लागतेय, टीबी बघा. जीनएक्सपर्ट या टीबीच्या तपासणीत टीबीच निघाला. फुप्फुसात काही नव्हतं, खोकला नाही, काही नाही.

सहा महिने सरकारी औषध फुकट घेतलं, खात्यावर पोषणाचे पैसेही आले. आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. टीबी बरा झाला, पण नळ्या बुजल्या त्या बुजल्याच. आता अंडकोषातून सुईने शुक्रजंतू काढून टेस्ट ट्यूबचा मार्ग सांगितलाय. खर्च ऐकून वहिनी रडली. पहिल्या वर्षात दाखवलं असतं तर, हाच विचार मनात येतो.

गंगापूररोड_डॉक

मालेगावकर, लघवीत पू आणि कल्चर कोरं, हे जोडीने दिसलं की आपल्याकडे टीबी आठवलाच पाहिजे. पाच ठिकाणी तो आठवला नाही याचं वाईट वाटतं. टेस्ट ट्यूबसाठी जाताना सेंटर २०२१ च्या एआरटी (टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांच्या) कायद्याखाली नोंदलेलं आहे का ते आधी बघा. प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका.

दोन_मुलांची_आई

धाकट्याला गालगुंड झालं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, मुलग्याला झालं की पुढे मूल होत नाही. मोठा पंधरा वर्षांचा आहे, त्याला लागेल म्हणून मी घाबरले. खरं काय?

गंगापूररोड_डॉक

ताई, लहान वयात झालं तर अंडकोषांना सहसा धोका नसतो. वयात आल्यावर झालं तर लस न घेतलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाचा अंडकोष सुजतो, बहुतेकदा एकाच बाजूचा. सुजलेला अंडकोष पुढे आक्रसू शकतो, पण कायमचं वंध्यत्व क्वचितच. मोठ्याला लस झालीय का बघा. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची एमआर लस आहे, तिच्यात गालगुंडाचा भाग नाही. तो एमएमआरमध्ये असतो, ती बालरोगतज्ज्ञांकडे मिळते.

नाव_नको

मला स्राव येतोय, पांढरट-पिवळा, चार दिवस झाले. लग्न ठरलंय. ओळखीच्या डॉक्टरकडे गेलो तर घरी कळेल. भिंतीवरच्या गुप्तरोगवाल्या जाहिरातीत फोन नंबर आहे, तिथे जाऊ का?

सूक्ष्मदर्शक

भाऊ, तिथे अजिबात जाऊ नका. त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्ये जा. सरकारी जिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी आणि औषध मोफत, माहिती गुप्त ठेवतात. केसपेपर काढा आणि 'सुरक्षा क्लिनिक कुठे' एवढंच विचारा, पुढचं बाहेर सांगावं लागत नाही. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ लावा. आजच जा, औषधाच्या आधी जा. घरी उरलेली एखादी गोळी घेतलीत तर तपासणीत जंतू सापडत नाही आणि आजार आत राहतो. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही तिथेच करून घ्या. आणि औषध संपल्यावर सात दिवस होईपर्यंत संबंध नको.

नाव_नको

गेलो होतो. तिथल्या बाई काहीच वाईट बोलल्या नाहीत. दोन प्रकारच्या गोळ्या तिथेच समोर घ्यायला लावल्या. जिच्याकडून आलं तिलाही बोलवा म्हणाल्या. तिला फोन केला. येते म्हणाली.

सिडकोवाला (धागाकर्ता)

धागा वर काढतोय. मध्ये तीन महिने गेले. लोक विचारत होते, औषध मे महिन्यात संपलं तर दुसरी तपासणी एवढ्या उशिरा का. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर अधिवृषणातून पुढे सरकायचे दिवस. आज जे दिसतात ते अडीच-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेले असतात, म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले. त्यातच ऑगस्टमध्ये मला तापाने गाठलं, १०३ पर्यंत गेला. मोठ्या तापानेही दोन-तीन महिने आकडे पडतात, म्हणून आणखी थांबलो.

काल रिपोर्ट आला. शुक्रजंतू ३ कोटी १० लाख, पुढे सरकणारे २७ टक्के, पू पेशी २-३. क्लॅमायडिया दोघांचाही निगेटिव्ह. डाव्या बाजूची गाठ सोनोग्राफीत तशीच आहे, ती राहील म्हणाले. बायकोच्या नळ्या मोकळ्या आहेत, हे त्या एक्स-रेतच कळलं होतं, पण त्याचा अर्थ आम्हाला आता समजला. आणखी सहा महिने नैसर्गिकरीत्या प्रयत्न करा, मग बघू, असं सांगितलंय.

आईला मी स्वतः सांगितलं, बायकोसमोर बसून. पुण्याचं नाही सांगितलं, आजाराचं सांगितलं, आणि दोष माझ्या बाजूला होता हे सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग आत गेली आणि हिच्यासाठी ताट वाढून घेऊन आली.

पंचवटीची_लेक

दादा, डोळ्यात पाणी आलं. यांना हा धागा वाचायला दिलाय. अजून काही बोलले नाहीत, पण मोबाइल परत मागितला नाही, वाचत बसलेत.

द्राक्षबाग

माझंही कळवतो. यावेळी नाशिकला मुक्काम करून लॅबमध्येच सँपल दिलं. पुढे सरकणारे ४१ टक्के. दोन आठवड्यांनी परत दिलं, ३८. सोमवारपासून द्राक्षाची गोडी छाटणी सुरू, मग महिनाभर वेळ मिळणार नाही. बायकोला तपासणीला न्यायचं ते छाटणी उरकल्यावर. दोन्ही रिपोर्ट तिला दाखवलेत, जानेवारीचाही.